कोतवालाला कुणी मारलं

नवीन जालन्यातल्या निम्म्या पोरांना, काही रिक्षावाल्यांना आणि बँकेच्या एका शिपायाला ज्या माणसानं वर्षभर चुकीचं शिकवलं, तो माणूस मीच. शिकवलं तर शिकवलं, वर स्वतःला उस्ताद म्हणवून घेतलं. आता केस पांढरे झाले, कबुली द्यायला हरकत नाही. ज्यांना शिकवलं तेही आता लेकराबाळांचे बाप झालेत. मला शोधून मारायला यावं एवढा रिकामा वेळ कुणाकडं नाही.

माझं नाव भास्कर. गाव पिंपळगाव रेणुकाई, पण पोट भरलं ते जालन्यात, व्हिडिओ गेमच्या पार्लरवर. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत पंक्चरवाला आणि बियाण्याचं दुकान यांच्या मधे माझं शटर होतं. आत चार टीव्ही, चार सीडीवाली मशीन आणि मागं पडदा लावून राहायची खोली. नव्वदीचं दशक संपता संपता सुरू केलं आणि सातआठ वर्षं चालवलं. मशीनला वायरनं जोडलेला, दोन्ही हातांत धरायचा तो बटणांचा ठोकळा असतो ना, त्याला कंपनीनं काही का नाव दिलेलं असेना, आमच्याकडं त्याला रिमोटच म्हणत.

लोकांना वाटायचं, ह्याला काय काम? टीव्ही लावून द्यायचा आणि बसायचं. अहो, बसून तर बघा! सीडीवर चरा पडला की टूथपेस्ट लावून बोटानं घासत बसायचं. लाइट गेली की चार गिऱ्हाइकं एकदम माझ्याकडं अशी बघायची, जशी काही मीच वायर ओढली. आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एसटीचे एक रिटायर्ड ड्रायव्हर रोज दुपारी मोटारवाला गेम खेळायला यायचे. सगळ्या गाड्या सुसाट सुटायच्या आणि हे डाव्या बाजूनं, वळणावर हॉर्न नाही म्हणून हळहळत, सावकाश शेवटी पोचायचे. पहिला कोण आला ते कधी विचारलं नाही त्यांनी. "एकपण अपघात न्हाई," असं म्हणून चष्मा पुसत उठायचे.

पण माझी कबुली आहे ती तलवारवाल्या गेमची.

ज्यांनी असले गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. जुन्या गेममध्ये माणूस डावीकडून उजवीकडं पळायचा, संपलं. सगळं समोर दिसायचं. मग अशा सीड्या आल्या की ज्यांत माणूस चारी बाजूंनी फिरतो आणि त्याच्या पाठीमागं एक कॅमेरा असतो. कॅमेरा म्हणजे खरा नव्हे. आपल्याला टीव्हीवर जे दिसतं ते त्या कॅमेऱ्यातून दिसतं, असं समजा. आता गंमत अशी, की शत्रू तुमच्या पाठीमागं गेला तर कॅमेऱ्याला तो दिसत नाही. तुम्ही समोरच्या भिंतीकडं बघत तलवार फिरवत राहता आणि मागून मार खाता. तो दिसायला हवा असेल तर कॅमेरा फिरवावा लागतो, आणि तो फिरवायला रिमोटवर उजव्या अंगठ्याखाली एक छोटा दांडा असतो. पण तलवारीचं बटणही उजव्या अंगठ्याखालीच! अंगठा एक, कामं दोन. कॅमेरा फिरवाल तर वार होत नाही, वार कराल तर दिसत नाही.

आमचा सलीम रिक्षावाला हे पहिल्या दिवशी समजला. "उस्ताद, ये तो रिक्षा का आरसा है," म्हणाला, "आरसा सेट करत बसलो तर ब्रेक कोण मारीन?"

बराबर बोलला होता. यावर बनवणाऱ्यानं उपाय करून ठेवला असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उपाय होता. रिमोटच्या वरच्या कडेला, बोटं टेकतात तिथं, उजवीकडं एक बटण असतं. ते दाबून धरलं की कॅमेरा शत्रूला चिकटतो. तो कुठंही जावो, पुढं, मागं, खांबाआड, तुमचा माणूस त्याच्याकडंच तोंड करून राहतो आणि तुम्हाला तो कायम दिसतो. अंगठा मोकळा, वार करत राहा. सगळ्या दुनियेत पोरं असंच खेळत होती.

जालन्यात नाही. कारण जालन्यात ते बटण मी बंद करून ठेवलं होतं.

त्याचं असं झालं. तलवारवाली सीडी यायच्या आधी माझ्याकडं कुस्तीचा गेम फार चालायचा. कुस्तीत पोरं वरची बटणं अशी दाबायची, जणू समोरच्याचा खरोखर गळा धरलाय. महिन्याभरात दोन रिमोटची बटणं आत रुतून बसली. एक रुतलेलं बटण म्हणजे गेम वेडापिसा, पैलवान आपोआप गोल गोल पळायचा. नवा रिमोट औरंगाबादहून आणावा लागायचा. मग मी डोकं चालवलं. उरलेल्या सगळ्या रिमोटच्या वरच्या बटणांच्या फटीत काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा खुपसला, म्हणजे बटण खाली जायलाच नको. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. कुस्तीची मजा थोडी कमी झाली, पण रिमोट वाचले. मी स्वतःवर इतका खूश, की पंक्चरवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "दिमाग है आपका." मला ते खरं वाटलं.

पुढं तलवारवाली सीडी आली ती सगळी जपानी भाषेतली. सुरू केली की पहिल्यांदा एक पान यायचं, त्यावर रिमोटचं चित्र, भोवती बाण आणि ती गवताच्या काड्यांसारखी अक्षरं. एका कोपऱ्यात डोळ्याचं चित्र होतं. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "ही कंपनीची सूचना हे. डोळा म्हंजे आमची नजर आहे, नक्कल करू नका." आणि आमची सीडी नक्कलच असल्यामुळं सगळे ते पान जल्दी जल्दी पुढं ढकलायचे.

पहिली दोन दारं कशीबशी पार व्हायची. तिसऱ्या दारात एक शिंगवाला पहारेकरी उभा असायचा. तो समोरून लढतच नसे. एक उडी मारली की तुमच्या पाठीमागं. तुम्ही मेलात की तुमच्याच सदऱ्याला तलवार पुसायचा, असा नालायक! पोरांनी त्याचं नाव कोतवाल ठेवलं. आख्ख्या पार्लरमध्ये कोतवालाला कुणी मारू शकलं नाही.

तेव्हा या उस्तादानं शोध लावला, तो म्हणजे कॅमेरामन. खेळणारा रिमोट धरून बसणार आणि त्याच्या उजव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून, दुसरा माणूस. त्यानं हात आडवा घालून फक्त कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा. मी त्यासाठी सुताराकडून एक आखूड बाकडं करून घेतलं. कॅमेरामनचं बाकडं म्हणूनच ते ओळखलं जायचं. जोड्या ठरल्या. सलीमचा कॅमेरामन मिलिंद, बँकेतला शिपाई. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि शर्टाच्या बाह्या मोजून तीन घड्या वर करायचा, मगच हात लावायचा.

भांडणं तर विचारूच नका.

"मिल्या, किदर देख रहा? वो पीछे है!"

"तू सरळ उभा राहशील तर दाखवीन ना! सारखा नाचून राह्यला!"

मरणारा कायम कॅमेरामनला शिव्या घालायचा आणि कॅमेरामन खेळणाऱ्याला. दोघं तणतणत बाहेर जायचे, गल्लीच्या तोंडाशी एकच चहा दोघांत घ्यायचे आणि परत यायचे. सलीमच्या घरी ईदला मिलिंद आणि मिलिंदच्या घरी भीमजयंतीला सलीम, ही ये-जा त्या बाकड्यावरून सुरू झाली. बाकडं मात्र माझ्या चुकीमुळं होतं.

आता खरी शरमेची गोष्ट. एकदा सलीमनं सगळ्यांसमोर विचारलं, "उस्ताद, तुमने मारा क्या कभी कोतवाल को?" सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "मारला ना. एकदा दुकान उघडायच्या आधी. एकटाच होतो." हे बोलून झाल्यावर माझं मलाच पटलं. दोन महिन्यांनी तर मला तो कसा पडला तेही आठवायला लागलं.

अशात अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपळगावला शेती, ज्वारी, मका, थोडी कपाशी. उभं आयुष्य शेतात गेलेलं. त्यांना मोतीबिंदू झाला होता, म्हणून दसऱ्याआधी जालन्याच्या डॉक्टरांकडं ऑपरेशन केलं आणि पंधरा दिवस माझ्याकडं ठेवून घेतलं. मला आनंद झाला आणि धाकही वाटला. कारण गावात कुणी विचारलं, भास्कर काय करतो, तर अण्णा "जालन्याला असतो" एवढंच सांगायचे. पुढं कुणी खोदून विचारलं तर "टीव्हीचं हे काहीतरी" म्हणायचे आणि पाण्यापावसावर यायचे. माझ्यासमोर असं दोनदा झालं होतं. लागलं मला ते.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. तो चष्मा, धोतर आणि डोक्याला पटका, असे अण्णा माझ्या पार्लरच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. नवं गिऱ्हाइक आत यायला बिचकायचं.

पहिल्याच दिवशी सलीम-मिलिंदची जोडी बघून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हा बाजूला बसून हात घालून राह्यला, हा कोण?"

"कॅमेरामन हे, अण्णा."

"म्हंजे खेळणारा आंधळा हे का?"

"न्हाई, त्याला मागचं दिसत न्हाई म्हणून."

"मी मचाणावरून गोफण फिरवायचो तवा कुणी माझी मुंडी धरून फिरवत नव्हतं," अण्णा म्हणाले. "नजर पाखरावर. हात आपोआप जातो."

दोन दिवसांनी जेवताना त्यांनी खरा विषय काढला. "भास्कर, औंदा रब्बीला तू ये. मला तिफण सरळ धरवत न्हाई आता. पेरणीची तासं वाकडी जाऊन राह्यली."

"दुकान कोण बघीन अण्णा?"

"दुकानात बघायचं काय? लेकरं टीव्हीपुढं बसते. तुझं काम काय त्याच्यात?"

"शिकवतो मी त्यांना. उस्ताद म्हणतेत मला."

"कशातला उस्ताद?"

पडद्यापलीकडं सलीम होता. त्याला वाटलं, आपण उस्तादाची बाजू घ्यावी. पडद्यातून मुंडी आत घालून म्हणाला, "चाचा, उस्ताद ने कोतवाल को मारा है! अकेले में!"

"अकेले में," अण्णा म्हणाले. "म्हंजे कुणी बघितलं न्हाई."

सलीमच्याही चेहऱ्यावर मला पहिल्यांदा शंका दिसली. अण्णांनी हात धुतले, पटक्याला पुसले आणि सांगितलं, "माझ्या डोळ्यादेखत मार. तीन डाव देतो. मारला, तर मी पारावर बसून दहा लोकांत सांगीन माझा पोरगा काय करतो ते, आन् शेताचं नाव काढणार न्हाई. न्हाई मारला, तर शटर ओढायचं आन् पेरणीला गावाकडं यायचं. चार दिवस न्हाई. कायमचं."

सोमवारी ते गावी परतणार होते, म्हणून रविवार ठरला. सलीमनं संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणालो असतो तर खोटं तिथंच उघडं पडलं असतं. आता ते रविवारी पडणार होतं, एवढाच फरक.

ते चार दिवस मी विसरणार नाही. सकाळी सहाला उठून, अर्धं शटर वर करून, आवाज बंद ठेवून मी कोतवालाशी लढायचो. एकटाच, कॅमेरामन नाही. कधी अंगठा इकडून तिकडं पळवला, कधी दांडा हनुवटीनं फिरवून पाहिला. हो, हनुवटीनं! चाळिशीला टेकलेला माणूस, रिमोट गळ्याशी धरून, मान तिरकी करून टीव्हीकडं बघतोय. कोतवाल दर वेळी माझ्या सदऱ्याला तलवार पुसायचा. मेलो की गेम पहिल्यापासून चालू, पुन्हा ते जपानी पान, पुन्हा पुढं ढकल. किती वेळा मेलो त्याचा हिशेब नाही. शनिवारी सकाळी मी रिमोट ठेवला आणि चारी टीव्हींकडं बघत बसलो. हे दुकान मी हातानं रंगवलं होतं. वायरिंग माझं होतं. रडू आलं, खरं सांगतो.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पंक्चरवाला हातातली ट्यूब घेऊनच आला. एसटीचे ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे. अण्णा काळा चष्मा लावून माझ्या मागच्या खुर्चीत. कॅमेरामन म्हणून मी मिलिंदला घेतलं. त्यानं बाह्यांच्या तीन घड्या केल्या, मनातल्या मनात काही म्हटलं आणि दांड्यावर बोट ठेवलं.

पहिला डाव. मिलिंदनं कॅमेरा डावीकडं घेतला, कोतवाल उजवीकडून आला. तलवार माझ्या सदऱ्याला पुसली गेली.

दुसरा डाव. मी घाबरून मिलिंदच्या हातावर हात मारला, दोघांची बोटं अडकली, कॅमेरा आकाशाकडं गेला. वर ढग दिसत होते आणि खाली मी मरत होतो. कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

गेम पहिल्यापासून सुरू झाला. ते जपानी पान आलं. मी सवयीनं पुढं ढकलणार, तोच मागून आवाज आला.

"थांब."

अण्णा उठले. टीव्हीच्या अगदी जवळ गेले, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि नव्या डोळ्यानं त्या पानाकडं बघू लागले. "हा डोळा काहून दाखवून राह्यले?"

"कंपनीची सूचना हे अण्णा. नक्कल करू नका म्हणून."

"तुला वाचता येतं का हे?"

"न्हाई."

"मंग सूचना हे कशावरून?" त्यांनी खिशातून डोळ्यात घालायच्या औषधाची डबी काढली. "हे बघ. मलापण वाचता येत न्हाई. पण डबीवर डोळा काढला, बाण काढला, म्हंजे हे डोळ्यात घालायचं, एवढं कळतं. हितं डोळ्यापासून बाण निघून ह्या कोपऱ्यातल्या बटणाला चालला. चार दिवस सकाळी पडद्याआडून बघून राह्यलो मी. तू मरतो आन् हे पान येतं, तू मरतो आन् हे पान येतं. आन् तू कवाच बघत न्हाई त्याच्याकडं."

माझ्या कानात कढत पाणी ओतल्यासारखं झालं. म्हणजे हनुवटीसुद्धा पाहिली होती त्यांनी.

त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि चित्रातल्या जागी बोट नेलं. "ह्याला पट्टी काहून बांधली? ह्याचंपण ऑपरेशन झालं का?"

"ते... ते खराब होऊ नये म्हणून मीच बंद केलं."

अण्णांनी नखानं काळी पट्टी सोलली. वर्षभराची चिकट, निघता निघेना. मग फटीतून काडेपेटीचा पुठ्ठा बाहेर ओढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. सलीमच्या तोंडून फक्त "या अल्ला" निघालं.

तिसरा डाव. तिसऱ्या दारापाशी आलो. पण माझं बोट काही त्या बटणाकडं जाईना. वर्षभर तिथं काही नाहीच असं मानून खेळलेला हात तो. दोनदा चुकीचं दाबलं. कोतवालानं पहिली उडी घेतली.

"तू मार," अण्णा म्हणाले. "हे मी धरतो." आणि कॅमेरामनच्या बाकड्यावर, मिलिंदच्या जागी बसून, त्यांनी आपलं जाडजूड बोट त्या बटणावर दाबलं.

काय सांगू तुम्हाला! कॅमेरा गर्रकन वळला आणि कोतवालाला चिकटला. त्यानं मागं उडी घेतली, कॅमेरा त्याच्यासोबत. खांबाआड गेला, तरी दिसतोय. वर्षभर ज्याची नुसती सावली बघितली होती तो सारखा समोर, आणि कळलं की गडी तसा काही फार मोठा नव्हता. मी मारत सुटलो. अण्णांचा घाम माझ्या मनगटावर उतरत होता. "सोडू नका अण्णा," मी ओरडलो. "सोडत न्हाई. तू मार," ते म्हणाले. गोफणीनं आणि तिफणीनं घट्टे पडलेला तो हात माझ्या हातावर इतका वेळ टेकलेला मला लहानपणापासून आठवत नव्हता.

कोतवाल गुडघ्यावर आला आणि पडला. त्याची तलवार खळकन वाजली. हा आवाज आधी कधी आमच्या टीव्हीतून आला नव्हता, कारण तो कधी पडलाच नव्हता. पंक्चरवाल्यानं ट्यूब हवेत फेकली. ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा पुसला. मी अण्णांकडं वळून बघितलं तर ते अजून बटण दाबूनच बसलेले.

मग अर्थातच माझी सालटी निघाली. "उस्ताद, सालभर! सालभर हमारे आँख पे पट्टी बाँधी तुमने!" सलीम म्हणाला. मिलिंदनं बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि एवढंच विचारलं, "म्हंजे आता कॅमेरामन लागणार न्हाई?"

खरंच लागला नाही. सगळ्या रिमोटच्या पट्ट्या मी त्याच संध्याकाळी काढल्या. आठवड्याभरात पोरं एकेकटी येऊन कोतवालाला लोळवायला लागली. बाकडं रिकामं पडलं, मग चपला ठेवायच्या कामी आलं. सलीम-मिलिंद मित्र राहिले, पण खांद्याला खांदा लावून बसायचं कारण राहिलं नाही. चूक सुधारली याचं दुःख मला आजही होतं, हे लिहिताना लाज वाटते पण खरं आहे. पुढं पोरांच्या घरोघरी कॉम्प्युटर आले आणि पार्लर आपोआप बंद पडलं. मी दुकानादुकानांत कॅमेरे बसवायचं काम धरलं. लोक विचारतात, हे फिरतात का? मी म्हणतो, फिरतात, पण आधी पुस्तिकेतली चित्रं बघून घेतो.

पैजेचा निकाल काय लागला ते राहिलंच. त्या रविवारी दुकान रिकामं झाल्यावर मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "अर्धा तू मारला, अर्धा मी. मंग पैज अर्धी. दुकान चालव. पेरणीला चार दिवस येत जा." आणि डोळ्यात औषध घालून झोपले. मी मात्र विचार करत बसलो. दोन डाव मी हरलो होतो. तिसराही हरणार होतो. ते नुसते गप्प खुर्चीत बसले असते तर मी कायमचा गावी आलो असतो, त्यांना हवं होतं तसा. तरी ते उठले.

ठरल्याप्रमाणं मी पेरणीला गेलो. तिफण धरली आणि पायाकडं बघत चाललो. तासं अशी वाकडी, की बैलांनीसुद्धा मागं वळून बघितलं. अण्णा मागून ओरडले, "खाली काय बघतो? बांधावरची बाभळ धर!" बाभळीवर नजर धरली आणि तास सरळ झालं. मला हसू आलं, पण का ते त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी रेणुकाईच्या देवळाकडून परत येत होतो. पारावर अण्णा आणि चारपाच म्हातारे बसले होते. मी अंधुक उजेडात मागून येत होतो, त्यांना दिसलो नाही. कुणीतरी विचारलं, "अण्णा, भास्कर आला वाटतं? काय करतो म्हणावं त्यो?"

मी थांबलो. आता पाऊसपाणी येईल, असं मला वाटलं.

"व्हिडिओ गेमचा उस्ताद हे," अण्णा म्हणाले. "तिकडं एक कोतवाल होता. साल झालं, आख्ख्या जालन्यात कुणाच्यानं मरत नव्हता. भास्करनं मारला. मी होतो तिथं."

"तुम्ही काय करत होते?"

"मी?" अण्णांनी दोन्ही डोळ्यांनी त्या माणसाकडं नीट बघितलं. "मी नुसतं बटण धरलं होतं. पण सोडलं न्हाई."